भेटीचे मोल : गृहशुश्रूषेच्या टिकावाविषयी परिचारिकांची भूमिका

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीने आपल्या विमेदारांना घरी जाऊन शुश्रूषा पुरविण्याची योजना १९५३ च्या आरंभी बंद केली. १९०९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेखाली ४४ वर्षांत परिचारिकांनी दहा कोटींहून अधिक गृहभेटी दिल्या होत्या. इतका मोठा व्याप असलेले हे कार्य गैरव्यवहारामुळे किंवा लोकांच्या नाराजीमुळे थांबले नाही. ते कंपनीच्या हिशेबात बसेनासे झाले, म्हणून थांबले. घरी दिलेली शुश्रूषा रुग्णालयातील शुश्रूषेपेक्षा कमी खर्चाची असते, असे गेल्या दीडशे वर्षांत अनेकांनी आणि अनेक देशांत दाखवून दिले. तरीही ही सेवा ठिकठिकाणी उभी राहिली, भरभराटीस आली आणि मोडली. या विसंगतीचा उलगडा केवळ खर्चाच्या आकड्यांवरून होत नाही. सेवा कोणत्या एककात मोजावयाची, याविषयी पैसे पुरविणारे आणि प्रत्यक्ष घरी जाणाऱ्या परिचारिका यांच्यात आरंभापासून मतभेद होता. एका पक्षाचे एकक ‘भेट’ हे होते आणि दुसऱ्या पक्षाचे ‘कुटुंब’. या मतभेदाचा मागोवा घेतल्यास टिकाऊपणाचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे येतो.

प्रशिक्षित परिचारिकेने गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करावी, ही कल्पना सामान्यतः लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या नावे सांगितली जाते. १८५९ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तिच्या आजारात घरी ठेवलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेच्या कामाने ते इतके प्रभावित झाले की, शहरातील दरिद्री वस्तीत असेच काम तीन महिने करून पाहावे, अशी विनंती त्यांनी तिला केली व खर्च स्वतः सोसला. एका महिन्यातच ती परत आली. जे दैन्य पाहावे लागते ते आपल्याने पाहवत नाही, मला मोकळे करा, असे तिचे म्हणणे होते. रॅथबोन यांनी तिला मुदत पुरी करण्यास राजी केले. आणि मुदत संपली तेव्हा मात्र हेच काम जन्मभर करण्याची तिची तयारी झाली होती. ही हकीकत रॅथबोन यांच्याच आठवणींतून आलेली असल्याने तिच्यात दात्याचे समाधान थोडे मिसळले असणे शक्य आहे. तथापि तिच्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. गृहशुश्रूषेविषयी परिचारिकेने दिलेला नोंदीतला पहिला अभिप्राय नकाराचा आहे, आणि तो नकार कष्टांविषयी नसून एकाकीपणाविषयी आहे. वॉर्डात परिचारिकेच्या पाठीशी संपूर्ण संस्था उभी असते. परक्याच्या घरात ती एकटी असते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हाच मुद्दा उचलून धरला. रॅथबोन यांनी त्यांचा सल्ला घेतला, १८६२ मध्ये लिव्हरपूल येथे परिचारिकांची प्रशिक्षणशाळा निघाली आणि शहराचे १८ विभाग पाडून काम सुरू झाले. नाइटिंगेल यांच्या मते सर्व शुश्रूषेचे अंतिम स्थान रुग्णाचे घर हेच होते. सारी रुग्णालये एक दिवस नाहीशी व्हावीत, असे त्यांनी १८६७ मधील एका पत्रात लिहिले आणि इ. स. २००० ची गोष्ट आताच बोलून उपयोग नाही, असेही पुढे जोडले. १८७६ मध्ये ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात रुग्णालय ही सुधारणेच्या मार्गातील केवळ एक मधली अवस्था होय, असे त्यांनी मांडले. घरी जाणारी परिचारिका रुग्णालयातील परिचारिकेहून अधिक शिकलेली असली पाहिजे, कारण विचारावयास डॉक्टर जवळ नसतो. तिने केवळ रुग्णाची नव्हे तर खोलीची शुश्रूषा करावी. आणि दिवसाचे काम संपल्यावर परतण्यास तिला सहकारिणींचे एक सामायिक निवासस्थान असावे, हे त्यांचे तीन आग्रह होते. तिसऱ्या आग्रहाकडे पुढील व्यवस्थापकांनी फारसे लक्ष दिले नाही. वस्तुतः मेरी रॉबिन्सनच्या नकाराला दिलेले उत्तर तेच होते. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्त्रियांनी जमविलेल्या निधीतून ७०,००० पौंड या कार्यास मिळाले व देशव्यापी संस्था स्थापन झाली. पण दानावर चालणाऱ्या या संस्थेत ‘एका भेटीची किंमत किती’ हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न अमेरिकेत उपस्थित झाला.

न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील दाटीच्या स्थलांतरित वस्तीत लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये मेरी ब्रूस्टर यांच्यासह काम सुरू केले. १८९५ पासून हेन्री स्ट्रीटवरील २६५ क्रमांकाचे घर हे त्यांचे केंद्र झाले. परिचारिका त्याच वस्तीत राहत, रुग्णाच्या घरच्यांनी बोलावले की जात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी थांबत नसत. ज्यांना परवडे त्यांच्याकडून अल्प शुल्क घेतले जाई, म्हणजे मदत घेतल्याचा कमीपणा वाटू नये. पाच-पाच मजल्यांचे जिने वारंवार चढणे-उतरणे टाळण्यासाठी एका इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाणारी पिशवीधारी परिचारिका हे त्या काळच्या न्यूयॉर्कचे परिचित चित्र आहे.

घरची शुश्रूषा परिणामकारक असते, हे आकड्यांनी सिद्ध करण्याचा वॉल्ड यांचा प्रयत्न होता. १९१४ मध्ये हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकांनी न्यूमोनियाच्या ३,५३५ रुग्णांची घरी शुश्रूषा केली व त्यांत मृत्यूचे प्रमाण ८.०५ टक्के होते. त्याच काळात शहरातील चार मोठ्या रुग्णालयांत अशा १,६१२ रुग्णांमागे ते ३१.२ टक्के होते, असे त्यांनी आपल्या ग्रंथात नमूद केले. ही तुलना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. रुग्णालयात जाणारा रुग्ण बहुधा अधिक अत्यवस्थ असे, किंवा घरी पाहणारे कोणी नसलेला असे. दोन्ही कारणांनी मृत्यूचे प्रमाण वाढणे साहजिक होते. परंतु वॉल्ड यांच्या दाव्याचे मर्म निराळे आहे. न्यूमोनियावर त्या वेळी रामबाण औषध नव्हते. रुग्ण वाचे तो पाणी, उब, स्वच्छता आणि रात्रीची जाग यांच्या बळावर, आणि या गोष्टी शेवटी आईलाच कराव्या लागत. परिचारिका तासभर येई. उरलेले तेवीस तास तिने शिकविलेले कुटुंब काम करी.

याच काळातील एक छोटा अहवाल येथे विचारात घेण्याजोगा आहे. न्यूयॉर्कमधील एका धर्मादाय संघटनेने १९०० मध्ये जेसी स्लीट या कृष्णवर्णीय परिचारिकेस, वर्णभेदाच्या वातावरणामुळे केवळ प्रयोग म्हणून, क्षयरोगाने ग्रासलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नेमले. तिने आपल्या कामाचा जो वृत्तांत दिला तो १९०१ मध्ये परिचारिकांच्या मासिकात छापला गेला. त्यात ४१ आजारी कुटुंबे आणि त्यांच्यासंबंधी १५६ भेटी, असा क्रम आहे. आधी कुटुंब, मग भेटी. आणि भेटी त्या कुटुंबांच्या संदर्भात. मालकाला हिशेब देताना परिचारिकेने आपले एकक सोडलेले नाही. प्रयोग यशस्वी ठरला व तिची नेमणूक पुढे चालू राहिली.

वॉल्ड यांच्यापुढील अडचण पैशाची होती. काम वाढत होते आणि देणग्या आज आहेत तर उद्या नाहीत. मेट्रोपॉलिटन कंपनीचे ली फ्रँकेल यांच्याशी झालेल्या चर्चेतून १९०९ मध्ये तोडगा निघाला : कंपनीच्या कामगारवर्गीय विमेदारांपैकी जे आजारी असतील त्यांच्याकडे हेन्री स्ट्रीटच्या परिचारिकांनी जावे आणि कंपनीने दर भेटीमागे ठराविक रक्कम द्यावी. आठवड्याला दारोदार जाऊन हप्ता गोळा करणारा विमा-प्रतिनिधी आजाराची खबर देई. हिताहिताचा असा मेळ क्वचितच जुळून येतो. विमेदार जितका जगेल तितके हप्ते मिळतील, या कंपनीच्या स्वार्थात गरिबाचे आयुष्य वाढविण्याचा परमार्थ सामावला होता. योजना थोड्याच वर्षांत अमेरिका व कॅनडातील शेकडो शहरांत पसरली आणि दानावर जगणाऱ्या अनेक परिचारिका-संघांना प्रथमच नियमित उत्पन्न लाभले.

तथापि विक्रीसाठी सेवेचे परिमाण ठरविणे भाग होते आणि ते परिमाण भेट हे ठरले. याचे परिणाम हळूहळू दिसू लागले. कंपनीचे पाहणारे अधिकारी विचारू लागले : या रुग्णाकडे इतक्या वेळा जाण्याचे कारण काय? पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे किंवा बऱ्या न होणाऱ्या क्षयरोग्याकडे महिनोन्‌महिने जाऊन विम्याच्या दृष्टीने साधते काय? बाळंतीण आणि तीव्र ज्वराचा रुग्ण हे योग्य गिऱ्हाईक. जुनाट रोगी हे ओझे. शेजारच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला दोन शब्द सांगणे, शाळेत न जाणाऱ्या मुलाची विचारपूस करणे, या गोष्टी भेटीच्या रकान्यात कोठेच बसत नसत. १९१२ मध्ये वॉल्ड यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्यातही दर भेटीचा खर्च कसा काढावा, यावर पुष्कळ खल झाला. प्रवासाचा वेळ, पर्यवेक्षण, शिकवणे, नोंदी हे सर्व भेटीत घातले तर भेट महाग दिसते आणि न घातले तर संस्था बुडते, अशी ही कात्री होती.

अखेर आजारांचेच स्वरूप पालटले. संसर्गजन्य रोगांनी होणारे मृत्यू घटले, बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली आणि घरी उरले ते प्रामुख्याने वृद्ध व दीर्घकाळचे रुग्ण. आयुष्य वाढविल्याचा नफा दाखविणे कठीण झाले व भेटीचा खर्च चढत राहिला. कंपनीच्या दृष्टीने निर्णय तर्कसंगत होता, हे मान्य केले पाहिजे. गृहशुश्रूषेच्या इतिहासकार कॅरेन ब्युलर-विल्करसन यांनी हा सर्व वृत्तांत तपशीलवार मांडला आहे. तो वाचताना असे दिसते की, सेवेची गरज संपली म्हणून ही योजना संपली नाही. ज्या रुग्णांना घरची शुश्रूषा सर्वांत अधिक हवी होती, नेमके तेच रुग्ण तिच्या हिशेबाबाहेर होते.

याच्या अगदी उलट टोकाची रचना केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात उभी राहिली होती. मेरी ब्रेकिनरिज या परिचारिकेने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील दुर्गम प्रदेशात आणि बेटांवर १९१३ पासून सरकारी अनुदानावर चालणारी वैद्यकीय व शुश्रूषा व्यवस्था १९२४ मध्ये फिरून पाहिली, आणि त्या धर्तीवर १९२५ मध्ये लेस्ली परगण्यात काम आरंभिले. तेथे पक्के रस्ते नव्हते. ओढ्यांच्या पात्रांतून वाट काढीत परिचारिका घोड्यावरून जात, औषधे व प्रसूतीची साधने खोगिराच्या पिशव्यांत असत. प्रदेशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात परिचारिकांचे ठाणे बसविले होते. नवरा घोड्यावरून बोलावण्यास येऊ शकला तर त्याच वाटेने परिचारिका परतू शकतेच, असा तेथला दंडक होता. डॉक्टर दूर असल्याने कोणत्या लक्षणांवर काय करावे आणि काय करू नये, याची वैद्यकीय सल्लागारांनी संमत केलेली पुस्तिका परिचारिकेजवळ असे. वर्षाला दर कुटुंबामागे एक डॉलर आणि बाळंतपणाचे पाच डॉलर असा आकार होता. तोही अनेकदा धान्य, चारा किंवा अंगमेहनत यांच्या रूपाने फेडला जाई. भेटीगणिक दर नव्हताच. पहिल्या १,००० प्रसूतींचा आढावा १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मेट्रोपॉलिटन कंपनीच्याच लुई डब्लिन यांच्या सांख्यिकी विभागाने तयार केला होता, हा योगायोग मनोरंजक आहे. गर्भारपण किंवा प्रसूती या प्रत्यक्ष कारणाने त्यांत एकही माता दगावली नव्हती.

ब्रेकिनरिज यांच्या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. दर कुटुंबामागील डॉलराने तिचा खर्च कधीच भागत नव्हता; मोठ्या शहरांतील श्रीमंत स्त्रियांच्या समित्या पैसा पाठवीत, आणि १९२९ नंतरच्या मंदीत तो आटला तेव्हा परिचारिकांनी कमी वेतनावर काम करून सेवा तगविली. टिकाऊपणाचा बोजा कोणाच्या खांद्यावर पडतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे. शिवाय त्यांच्या विचारांवर वर्णश्रेष्ठत्वाची छाया होती आणि हेही त्या संस्थेच्या इतिहासाचा भाग आहे. पण कुटुंब व प्रदेश हे एकक धरल्यास परिचारिकेला जुनाट रोग्याकडे जाण्याबद्दल कोणास जबाब द्यावा लागत नाही, एवढे या प्रयोगाने निश्चित दाखविले.

दुर्गमतेवर मात करण्याचा दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियात निघाला. १९२८ मध्ये तेथे विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली आणि १९२९ पासून आल्फ्रेड ट्रेगर यांनी बनविलेल्या, पायाने फिरवून वीज निर्माण करणाऱ्या रेडिओवरून शेकडो मैलांवरच्या वस्त्यांना डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. तरीही औषधाचे नाव रेडिओवर नीट ऐकू येईना आणि बाटल्यांचा गोंधळ होई. १९४२ मध्ये लूसी गार्लिक या परिचारिकेच्या सूचनेवरून प्रत्येक ठिकाणी एकसारखी, क्रमांक घातलेल्या औषधांची पेटी ठेवण्यात आली. डॉक्टरने क्रमांक सांगावा, घरच्यांनी ती बाटली काढावी. यंत्र अभियंत्याने दिले. ते घराच्या उपयोगाचे कसे होईल, हे परिचारिकेस सुचले.

अमेरिकेत १९६५ च्या मेडिकेअर कायद्याने वृद्धांच्या गृहशुश्रूषेस सरकारी पैसा मिळाला, परंतु घराबाहेर पडू न शकणारा व कुशल शुश्रूषेची तात्पुरती गरज असलेला रुग्ण, अशी चौकट आखून. जुनाट रोगी पुन्हा कडेला राहिला. १९९७ च्या कायद्याने या खर्चास कात्री लावताच सेवासंस्थांची संख्या तीन वर्षांत दहा हजारांहून सुमारे सात हजारांवर आली. नेदरलँड्समध्ये गृहशुश्रूषेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यास मिनिटे व दर लावण्याची पद्धत रूढ झाली. तिला कंटाळून योस द ब्लोक या परिचारकाने सहकाऱ्यांसह २००६ मध्ये ‘ब्यूर्टझोर्ख’ ही संस्था काढली. जास्तीत जास्त बारा जणांचा गट, एक परिसर, वर व्यवस्थापकांची उतरंड नाही, अशी ही रचना नाइटिंगेल आणि वॉल्ड या दोघींनाही ओळखीची वाटली असती. तिच्या रुग्णांवर मंजूर तासांहून पुष्कळच कमी तास खर्ची पडतात, असे प्रारंभीच्या पाहणीत दिसले. २०१५ च्या दुसऱ्या एका अहवालाने रुग्णांचे स्वरूप आणि इतर उपचारांचा खर्च जमेस धरून एकूण बचत सरासरीच्या आसपासच असल्याचे सांगितले. या अहवालाने उत्साहास आवर घातला. पण परिचारिकांनी ही संस्था मुळात बचतीसाठी काढलेलीच नव्हती.

केंटकीत डॉक्टर दूर आणि परिचारिका जवळ होती. एकविसाव्या शतकातील दूरशुश्रूषेत परिचारिकाही दूर गेली. इंग्लंडमध्ये २००८ पासून कॉर्नवॉल, केंट व न्यूहॅम येथे एक मोठी चाचणी झाली. मधुमेह, हृदयविकार व फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्या रुग्णांच्या घरी रक्तदाब, साखर इत्यादी मोजणारी उपकरणे बसवून त्यांचे आकडे दूर बसलेल्या परिचारिकांकडे पाठविले जात. या भागात ३,२३० रुग्ण होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचे प्रमाण उपकरणे असलेल्यांत ४.६ टक्के व नसलेल्यांत ८.३ टक्के होते. तातडीने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही कमी होते. मात्र २०१३ च्या आर्थिक मूल्यमापनात संपूर्ण आरोग्याचे एक वाढीव वर्ष मिळविण्याचा खर्च सुमारे ९२,००० पौंड निघाला. त्या देशात साधारणतः २०,००० ते ३,००० पौंडांच्या दहापट, म्हणजे ३०,००० पौंडांपर्यंतचा खर्च परवडण्याजोगा मानला जाई.

दूरशुश्रूषेविषयी परिचारिकांच्या मुलाखतींतून जे प्रसिद्ध झाले आहे त्यात सरसकट विरोध नाही. रोजच्या नोंदींमुळे बिघाड लवकर कळतो, रुग्ण स्वतःच्या आजाराकडे डोळसपणे पाहू लागतो, असे अनेकींचे मत आहे. शंका आहे ती निराळ्या ठिकाणी. ज्या रुग्णाचे घर परिचारिकेने पाहिले आहे त्याच्या आकड्याचा अर्थ तिला लागतो. ज्याचे पाहिले नाही त्याच्या बाबतीत आकडा हा आकडाच राहतो. उपकरण तिच्या भेटीला पूरक म्हणून येते तेव्हा तिला ते हवे असते आणि भेटीऐवजी येते तेव्हा नको असते. नाइटिंगेल यांनी सांगितलेली खोलीची शुश्रूषा पडद्यावरून होत नाही.

या शंकेस आता नवा संदर्भ प्राप्त झाला आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या थेट ताब्यातील कार्बन-उत्सर्जन २०४० पर्यंत आणि व्यापक उत्सर्जन २०४५ पर्यंत शून्यवत करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. घरी राहूनच देखरेखीखाली उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी ‘आभासी वॉर्ड’ निघाले. सप्टेंबर २०२३ पर्यंत त्यांतील खाटांची संख्या १०,००० वर नेण्यात आली. रुग्णालयातील एका दिवसामागे वीज, पाणी आणि एकदाच वापरून टाकावयाच्या वस्तू किती खर्ची पडतात, हे पाहता रुग्ण घरी राहणे पृथ्वीच्याही हिताचे ठरते, यात शंका नाही. मात्र याच हिशेबात परिचारिकेची भेट ही मोटारीने तोडलेले मैल म्हणून नोंदली जाते आणि टळलेली भेट ही बचत म्हणून. दरम्यान इंग्लंडमधील विशेष प्रशिक्षित जिल्हा-परिचारिकांची संख्या २०१९ पूर्वीच्या दहा वर्षांत सुमारे ४३ टक्क्यांनी घटून ४,००० च्या थोडी वर उरली होती. घरे वाढली, त्यांत जाणाऱ्या कमी झाल्या.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून केलेला नवजात बालकांच्या गृहशुश्रूषेचा प्रयोग या परंपरेशी नाते सांगतो, जरी त्यात घरी जाणारी स्त्री परिचारिका नसून गावातलीच शिकविलेली आरोग्यदूत होती. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात बालमृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ती त्याच गावची असल्याने मोटारीचा मैल नव्हता, आणि बाळंतिणीचे घर तिला आधीपासून ठाऊक होते. पुढे ही पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आली. २०११ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत तिचा मोबदला ठरला तो असा : रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा व घरी जन्मलेल्या बाळाकडे सात भेटी, आणि त्या सर्व वेळापत्रकाप्रमाणे पुऱ्या झाल्यास २५० रुपये.